इंदूरहून पाच दिवस: हत्ती बघायचा तर आधी गावात राहा

सुदामानगरच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलांची परीक्षा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. १० वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. हातात पाच दिवस आहेत. मुलांना मोकळा हत्ती बघायचा आहे, आणि मला त्यांना खरं खेडं दाखवायचं आहे. दोन दिवस हत्ती आणि दोन दिवस गाव असं बसवता येईल का? केरळला जावं की सरळ थायलंड?

ताई, गेली २२ वर्षं मी इंदूरहून लहान लहान गट घेऊन जंगलात जातोय. तुमच्यासाठी मी बांधवगड सुचवतो, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशातलं, उमरिया जिल्ह्यातलं वाघांचं राष्ट्रीय उद्यान. इंदूरहून एकाच गाडीने उमरियाला उतरता येतं. आणि दोन दिवस हत्ती, दोन दिवस गाव ही वाटणी मनातून काढून टाका. तिथे या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. ज्या घराच्या ओसरीवर तुम्ही जेवाल त्याच घरामागच्या बाडीत, म्हणजे परसबागेत, आदल्या आठवड्यात हत्ती येऊन गेलेला असतो, आणि चुलीपाशी बोलणं त्याचंच चाललेलं असतं. हत्ती समजून घ्यायचा तर तो गावातून समजतो. सफारीच्या उघड्या जिप्सीतून नुसता दिसतो, तेही दिसला तर.

आपल्या इंदूरच्या मुलांनी हत्ती पाहिलेला असतो तो नवलख्याच्या प्राणिसंग्रहालयात, नाहीतर एखाद्या मिरवणुकीत. हाथीपाल्यावरून ती रोज शाळेत जातात, पण त्या वस्तीच्या नावात हत्ती का आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. त्याच्याही मागे गेलं तर गोष्ट आणखी मोठी आहे. अकबराच्या काळात अबुल फज़लने ऐन-ए-अकबरीत रानटी हत्ती कुठे कुठे सापडतात ते लिहून ठेवलं आहे, आणि त्यात माळवा सुभ्यातली हंडिया, सतवास, बिजागड ही नावं आहेत. सतवास आज देवास जिल्ह्यात आहे. हंडिया म्हणजे नर्मदेवर, आपल्या नेमावरच्या समोरचं. बिजागड खरगोनकडचं. म्हणजे साधारण सव्वाचारशे वर्षांपूर्वी आपल्या दाराशी हत्ती होते. मग जंगल तुटत गेलं, हत्ती पकडले गेले आणि ते इथून पार नाहीसे झाले. मुलांना निघायच्या आधी एवढं सांगा, कारण बांधवगडला ती जे पाहणार आहेत तो हत्ती कुठून तरी आणून ठेवलेला नाही. तो स्वतःच्या पायांनी परत आला आहे.

२०१८ साली चाळीसएक हत्तींचा कळप छत्तीसगडकडून चालत आला आणि बांधवगडात शिरला. याआधीही पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हत्ती यायचे, थोडं फिरून परत जायचे. हे मात्र थांबले. बांबू होता, बारमाही पाणी होतं, सालवृक्षांचं दाट रान होतं. पुढे इथेच पिल्लं झाली. मी त्याआधी १४-१५ वर्षं बांधवगडला जात होतो आणि तिथल्या रस्त्यांवर हत्ती म्हणजे वनखात्याचा, माहुताचा, पाठीवर गादी बांधलेला एवढंच ठाऊक होतं. पहिल्यांदा रस्त्यावर मोडलेला बांबू आणि ताजी लीद बघितली तेव्हा बरोबरचा गाइड मला म्हणाला, "हा आपला नाही." त्याच्या आवाजातला बदल माझ्या अजून लक्षात आहे. वाघाबद्दल तो तसा कधी बोलला नव्हता.

आता केरळ, थायलंड आणि बाकीच्यांबद्दल. हमखास हत्ती बघायचे, मोठे कळप बघायचे, एवढीच इच्छा असेल तर केरळपेक्षा कर्नाटकातलं कबिनी धरणाकाठचं जंगल खात्रीचं. देशात सर्वांत जास्त हत्ती त्याच राज्यात आहेत. २०२३ च्या गणतीत ६,३९५ भरले होते. एप्रिल-मेमध्ये धरणाचं पाणी मागे सरकतं, उघड्या पडलेल्या काठावर गवत फुटतं आणि कळपच्या कळप तिथे उतरतात. इंदूर-बेंगळुरू विमान आणि तिथून पुढे अर्ध्या दिवसाची मोटार. पण तिथे राहायचं ते रिसॉर्टमध्ये. गाव बघायचं राहून जातं, आणि खर्च ऐकून पाच माणसांचं कुटुंब दोनदा विचार करतं. थायलंडला पाच दिवसांत प्रवासच जास्त होईल. हत्तीला अंघोळ घालायची, खाऊ घालायचं अशा छावण्या देशात आणि बाहेर पुष्कळ आहेत. तिथे जायला मी सुचवत नाही. रोज पन्नास अनोळखी माणसांचे हात अंगावर सोसायला शिकलेला हत्ती म्हणजे त्याचं खूप काही काढून घेतलेला हत्ती असतो. आणि सवारी तर अजिबात नको. हत्तीच्या कण्याच्या मणक्यांना वरच्या बाजूने हाडाची टोकं असतात, हौदा आणि चार माणसांचं ओझं नेमकं त्यांवर बसतं. मुलगी हट्ट करेल. तिला हेच कारण सांगा, मुलांना खरं कारण दिलं की पटतं.

वेळ तुम्ही नकळत फार चांगली निवडली आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे आपली रंगाची मिरवणूक, होऊन गेली, परीक्षा संपली, की मार्चचा शेवट. त्या दिवसांत उमरियाकडे मोह फुलतो. झाडाची पानं गळून गेलेली, फांद्यांच्या टोकांना घोस, आणि रात्रीपासून सकाळपर्यंत टपटप पडणारी पिवळट, रसाने भरलेली फुलं. सगळ्या गावाला त्याचा गोड, थोडा आंबूस वास असतो. गावातली बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. कोणतं झाड कोणाचं हे ठरलेलं असतं, अगदी रानातल्या झाडाचंसुद्धा, आणि ते कोणी मोडत नाही. सकाळी नऊपर्यंत वेचणी आटोपते. मग अंगणात, चटईवर फुलं वाळत घालायची. चार दिवसांत ती सुकून मनुक्यासारखी तपकिरी होतात आणि घरात भरून ठेवली जातात. वर्षाच्या रोख पैशातला मोठा वाटा त्यातून येतो. तुमची मुलं एक सकाळ त्या वेचणीत वाकली, कंबर धरून उभी राहिली, तर एवढ्यानेही तुमची सहल सार्थकी लागली असं मी मानेन.

पण मोह हत्तीलाही आवडतो. त्याचं नाक किती तीक्ष्ण आहे ते तिथल्या मातीच्या भिंती सांगतात. घरात साठवलेला मोह, तांदूळ, मीठ त्याला बाहेरून कळतं आणि तो भिंत पाडून सोंड आत घालतो. मागच्या एका फेरीत ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो त्या काकींच्या घराची मागची भिंत अर्धी नवी होती, छुईने म्हणजे पांढऱ्या मातीने सारवलेली, बाकी भिंतीपेक्षा उजळ. मी विचारलं तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "गणेशजी आले होते." राग नव्हता असं मी म्हणणार नाही. राग होता, भीती होती, आणि हात जोडणंही होतं. तिन्ही एकाच वाक्यात. हे मुलांना तिथे बसून ऐकू द्या. मध्ये भाषांतर करायला किंवा समजावून सांगायला जाऊ नका. तिकडची बघेली बोली कानाला लागली की अर्ध्याहून जास्त कळते.

इथे २०२४ चं सांगायलाच हवं, कारण गावात तुम्हाला ते ऐकायला मिळेल. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, अवघ्या तीन दिवसांत, १३ हत्तींच्या एका कळपातले १० हत्ती मेले. त्यांनी शेतातला कोदो, म्हणजे एक भरड धान्य, खाल्ला होता आणि त्या कोदोवर बुरशी होती. तपासणीत सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचं बुरशीचं विष सापडलं. पावसात भिजलेला, नीट न सुकलेला कोदो चढतो हे तिकडच्या जुन्या माणसांना पूर्वापार माहीत आहे. माणसं, गुरं त्याने झिंगतात. पण एवढे हत्ती त्याने जातील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच दिवसांत कळपातून सुटलेल्या हत्तीने आसपासची माणसंही मारली. हत्तीच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास मिळणारी मदत ८ लाखांवरून २५ लाख करण्याची घोषणा त्यानंतर सरकारने केली. मी डिसेंबरात गेलो तेव्हा कोदोची उभी शेतं नष्ट केलेली होती. कोदो पेरणारा माणूस श्रीमंत नसतो. हलक्या, दगडाळ जमिनीत दुसरं काही येत नाही म्हणून तो कोदो पेरतो. तेव्हा शहरातून जाऊन "बिचारे हत्ती" असा सूर लावू नका, आणि "बिचारे गावकरी" असाही नाही. ऐका, आणि वाटलं तर विचारा की यंदा काय पेरलं.

आता बेत. नर्मदा एक्सप्रेस इंदूरहून बिलासपूरला जाते आणि उमरियाला थांबते. रात्र गाडीत जाते, दुसऱ्या दिवशी उमरिया. गाडी लांबून फिरते, ठिकठिकाणी थांबते, उशीरही करते. म्हणून उतरायच्या दिवशी दुपारची सफारी कधीही ठेवू नका. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मिळेल अशा बेताने आधी तिकीट काढा. डबा घरचा न्या. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेव, गूळपोळी, जे तुमच्याकडे प्रवासाला होतं ते. शेवेचं एक जादा पाकीट ठेवा, यजमानांसाठी. इंदूरची शेव तिकडे फार कौतुकाने खाल्ली जाते.

उमरियाहून ताला, म्हणजे उद्यानाच्या दाराशी असलेलं गाव, साधारण ३०-३५ किलोमीटर. बहुतेक हॉटेलं ताल्याला आहेत. तुम्ही पहिल्या दोन रात्री तिथे राहू नका. बफरमधल्या, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एखाद्या गावात घरगुती मुक्काम करा. राज्यात ग्रामीण होमस्टेची योजना चालू आहे, त्यातून नोंदणी झालेली घरं मिळतात: वेगळी खोली, स्वच्छ संडास, पंखा. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. संडास घराला लागून आहे की अंगण ओलांडून? सासूबाईंना खाट चालेल, पण तिची उंची किती? आणि रात्री हत्तीची खबर आली तर गावाला कळवतं कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच आणि नेमकं आलं, बीटगार्डचं म्हणजे वनरक्षकाचं नाव, गावात हत्तींवर नजर ठेवणाऱ्या हत्तीमित्र दलाच्या पोरांची नावं, तर ते घर घ्या. "इथे काही होत नाही साहेब" असं उत्तर आलं तर दुसरं बघा. कापडी तंबूत राहण्याचा प्रकार हत्तीच्या भागात नको, कितीही सुंदर फोटो दाखवले तरी.

जेवणाबद्दल माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी मी फक्त "आठ माणसं येतो, जेवण करा" एवढंच कळवलं. पोचलो तर पनीरची भाजी, मैद्याच्या पुऱ्या आणि थंड पेयाच्या बाटल्या. शहरातल्या लोकांना हेच लागतं असं समजून त्या माणसाने उमरियाला जाऊन स्वतःच्या पैशाने सगळं आणलं होतं. मला त्या दिवशी घास उतरेना. तेव्हापासून मी आधी सांगतो: घरात जे शिजतं तेच, आणि पैसे आगाऊ. मग मिळतं ते खरं जेवण. कोदोचा भात, कुटकीची पेज, चकोड्याची म्हणजे आपल्या टाकळ्याची भाजी, उडदाची डाळ, पाट्यावर वाटलेली टमाट्याची चटणी, मोहाच्या फुलांचा लाडू. कुटकी तुमच्या सासूबाईंना नवी नाही. उपवासाच्या भगरीची ती जवळचीच. कोदोची भीती बाळगू नका. घरातला नीट वाळवलेला जुना दाणा कांडून, पाखडून शिजवतात, आणि कोणता खायचा आणि कोणता नाही हे त्या घरच्या बाईइतकं कोणालाच कळत नाही. मुलं तिखटाला बिचकली तर पेज आणि गूळ, पोट भरतं.

गावात काय करायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. काही करायचं नसतं हो. सकाळी मोह. मग अंगणात बसून कोदो कांडताना बघणं, जमलं तर हात लावणं. दुपारी ऊन चढतं, ३५ च्या वर, तेव्हा गावही झोपतं, तुम्हीही झोपा. संध्याकाळी हातपंपावर गप्पा. पण मुलांसाठी एक काम मी नेहमी ठेवतो. एक जाड दोरा आणि मोजपट्टी बरोबर न्यायची. हत्तीमित्र पोरांपैकी कोणी वाट दाखवली आणि ती वाट मोकळी असल्याची खात्री केली, तर दिवसाउजेडी शेताच्या कडेला जुना ठसा बघायला मिळतो. पुढच्या पायाच्या गोल ठशाचा घेर दोऱ्याने मोजायचा आणि दुप्पट करायचा. तेवढी त्या हत्तीची खांद्यापर्यंतची उंची, जवळजवळ नेमकी. मग दोऱ्याची ती लांबी भिंतीवर जमिनीपासून दोनदा मोजून खूण करायची. १० वर्षांच्या मुलीने मान वर करून त्या खुणेकडे पाहिलं की हत्ती न दिसताच तिला कळतो. झाडावर माणसाच्या डोक्याच्याही वर लागलेला वाळका चिखल, साल सोलून काढलेली फांदी, लिदीतले बियांचे तुकडे, हेही दाखवा. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि त्यातला बराचसा अर्धवट पचलेला बाहेर टाकतो. कितीतरी झाडांच्या बिया अशाच रानभर पसरतात.

पैसे देऊन मुलींना नाचायला लावू नका. करमा, शैला हे नाच त्यांच्या त्यांच्या वेळी होतात. तिथल्या बैगा आदिवासी बायकांच्या अंगावरचं गोंदण बघून तुमच्या मोबाइलचा कॅमेरा आपोआप वर येईल. आधी विचारा, नाही म्हटलं तर तिथेच थांबा. त्यापेक्षा उमरियाजवळच्या लोढा गावाची वाट वाकडी करा. जोधइया बाई बैगा तिथल्या. आयुष्यभर मजुरी केली, लाकूड फोडलं, शेण विकलं, आणि सत्तरीच्या आसपास आशिष स्वामींच्या 'जनगण तस्वीरखाना' या जागी पहिल्यांदा कुंचला हातात घेतला. मोहाचं झाड, वाघ, हत्ती, बैगांचे देव त्यांच्या चित्रांत आले, ती चित्रं परदेशात गेली, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. आशिषजी त्याआधीच, २०२१ मध्ये. दोघंही नाहीत, तरी तुमच्या मुलीला चित्रं काढायची आवड असेल तर हे गाव तिला दाखवाच. तुमच्या सासूबाईंनाही, कारण ६८ म्हणजे त्या बाईंच्या हिशेबात अजून सुरुवातही नव्हती.

सफारी दोनच करा. उमरियाला उतरल्याचा दिवस पहिला धरून तिसऱ्या दिवशी दुपारची आणि चौथ्या दिवशी सकाळची. त्या रात्री ताल्याला राहिलात तर सोयीचं. परवानगी मध्य प्रदेश वनविभागाच्या ऑनलाइन आरक्षणातून काढायची. एका जिप्सीत सहा पर्यटक, म्हणजे तुम्ही पाचजण एका गाडीत मावता. नोंदवताना ज्याचं जे ओळखपत्र दिलं तेच बरोबर हवं. बुधवारी दुपारी उद्यान बंद असतं, होळीलाही बंद असतं, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर मुख्य भाग पूर्ण बंद. गाभ्याचे तीन विभाग: ताला, मगधी, खितौली. सगळे ताल्यासाठी धडपडतात, कारण वाघाचा लौकिक तिथला. तुम्हाला हत्ती हवा आहे, तर एक फेरी खितौलीची घ्या. खितौली, पतौर, पनपथा ही नावं कळपाच्या बातम्यांत सारखी येतात. दुसरी फेरी ताल्याची घ्या, सासूबाईंसाठी. एकाच खडकात कोरलेला शेषशय्येवरचा विष्णू तिथे आहे आणि त्याच्या पायथ्याशी चरणगंगेचं पाणी. तिथवर जाऊ देण्याचे नियम त्या दिवशी काय आहेत ते गेटवर विचारून घ्या. मोबाइलचे नियमही आता कडक आहेत, म्हणून साधा कॅमेरा असेल तर न्या.

पहाटेची जिप्सी उघडी असते आणि मार्चच्या अखेरीसही गार वारा लागतो. दुपारची घामाने भिजवते. सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा, मागच्या रांगेत हिसके फार. पाठीला एक उशी. गुडघ्याचा त्रास असेल तर सकाळची फेरी त्यांनी सोडली तरी चालेल, गावच्या ओसरीवर त्यांचा वेळ तुमच्यापेक्षा चांगला जाईल. त्यांची औषधं मोजून दोन दिवसांची जास्त घ्या. जिल्हा रुग्णालय उमरियाला आहे, वैद्यकीय महाविद्यालय शहडोलला.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. हत्ती समोर आला तर काय? काही वर्षांपूर्वी बफरच्या एका रस्त्यावर आमच्या गाडीपुढे कळप आडवा गेला. शेवटची मादी गेली असं समजून चालकाने गाडी पुढे घेतली. मीही "चल" म्हणालो, म्हणून दोष माझाही. झुडपात एक पिल्लू मागे राहिलं होतं. आम्ही पिल्लू आणि आई यांच्या मधोमध. ती वळली, कान पसरले, सोंड आत गुंडाळली आणि सरळ आली. चालकाने गाडी मागे घेतली, पुष्कळ मागे, आणि ती वीसेक पावलांवर थांबली. धूळ उडवली, उभी राहिली, पिल्लू बाहेर आलं तसं त्याला पोटाखाली घेऊन गेली. कोणाला काही झालं नाही. पण गाडीतली एक मुलगी त्या रात्री झोपली नाही, आणि तिच्या आईला काय उत्तर द्यावं हे मला सुचलं नाही. तेव्हापासून निघायच्या आधी चालक आणि गाइड दोघांना माझ्या तोंडाने सांगतो: कळप दिसला की दूर थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं की बंद ते गाइड ठरवेल, शेवटचा हत्ती गेल्यावरही पाच मिनिटं हलायचं नाही, जवळ नेल्याबद्दल बक्षिशी मिळणार नाही. तुम्हीही सांगा. शेवटचं वाक्य विशेष करून सांगा, कारण चालकावर पर्यटकांचाच दबाव असतो.

मुलांना हेही शिकवा की कळपाची कर्ती म्हातारी मादी असते. पाणी कुठे, वाट कुठे, धोका कुठे हे तिच्या डोक्यात असतं, बाकीचे तिच्यामागे चालतात. सोंड वर करून हवेचा वास घेणारी कोण, पिल्लांना मध्ये घेणारी कोण, हे शोधत बसलं की पाच मिनिटांचं दर्शनही भरपूर होतं. नर मोठा झाला की बहुधा वेगळा फिरतो. कानशिलावर ओला पट्टा दिसला तर तो मदात आहे. तिथून गुपचूप मागे फिरायचं.

गावात सूर्य मावळला की पायी फिरणं बंद. लघवीलाही एकट्याने अंगणाबाहेर नाही. खोलीत फळं, गूळ, मोह ठेवू नका. केळ्यांचा घड तर अजिबात नाही. हत्ती जवळ आल्याची हाक आली तर यजमान सांगतील तसं वागा, विजेरी मारत, व्हिडिओ काढत बाहेर धावू नका. रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला बसलेली माणसं डबे वाजवतील, मिरची घातलेल्या शेण्यांचा धूर करतील. मुलं जागी झाली तर त्यांना जवळ घेऊन तो आवाज ऐका. ते लोक महिनोन्‌महिने तसे जागतात.

दिसेलच का, हे तुम्ही विचारणार. गाभा आणि बफर धरून तिथलं रान दीड हजार चौरस किलोमीटरच्या घरातलं आणि कळप मोजके. माझ्या गटांपैकी निम्म्यांहून कमी लोकांना प्रत्यक्ष हत्ती दिसला. मार्च-एप्रिलला शक्यता थोडी बरी, कारण पाणवठे कमी होतात. मुलांना निघतानाच खरं सांगा. ज्यांना सांगितलं होतं ती मुलं दोरा आणि मोजपट्टी घेऊन खुश होती. ज्यांना "पक्का दिसणार" म्हणून आणलं होतं ती गाडीत रडली. वनखात्याचे पाळीव हत्ती गस्तीवर दिसतील. पावसाळ्यात जिथे गाडी जात नाही तिथे जंगल तेच राखतात. त्यांना लांबून नमस्कार, आणि माहुताशी गप्पा झाल्या तर जरूर करा.

आणखी एक मोह टाळा: "एवढं लांब गेलोच आहोत तर अमरकंटक." नर्मदेचं पाणी पिणारे आपण, त्यामुळे उगम खुणावतो, आणि गाडीचं नावही नर्मदाच. पण पाच दिवसांत अमरकंटक घातलंत की गावातला दुसरा दिवस जाईल, आणि ओळख होते ती दुसऱ्या दिवशीच. पहिल्या दिवशी तुम्ही पाहुणे असता. दुसऱ्या दिवशी काकी तुमच्या मुलीच्या हातात टोपली देतात आणि "चल" म्हणतात. उगमासाठी वेगळे चार दिवस काढा, सासूबाईंना सवडीने परिक्रमावासी भेटतील.

निघताना मोह, कोदो, मध जे काही घ्यायचं ते गावातूनच घ्या, भाव न करता. परत आल्यावर एक काम नक्की करा: यजमानांचे फोटो काढले असतील ते छापून टपालाने पाठवा. मोबाइलवर नको, कागदावर. त्या काकींच्या नव्या भिंतीवर माझ्या गटातल्या एका आजोबांनी पाठवलेला फोटो लावलेला आहे, मोह वेचताना त्या आणि आजोबांची नात. आता आधी पंचांगात रंगपंचमी बघा, मुलांचा शेवटचा पेपर बघा, आणि तारीख पक्की झाली की सफारीची परवानगी आधी काढा, मग रेल्वे, मग गावातलं घर. सफारीच्या जागा सर्वांत आधी संपतात.